पुढे ढकललेली सभा

काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाणी शिरलं आणि शनिवारची सर्वसाधारण सभा पुढच्या शनिवारी घ्यायचं ठरलं. इमारतीत मराठीबरोबर तमिळ, गुजराती, मल्याळी घरंही असल्यानं नोटीस इंग्रजीत लावायची पद्धत होती आणि ते काम माझ्याकडे होतं. मी लिहिलं, 'सॅटरडेज मीटिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ', आणि खाली नवी तारीख टाकली. पुढच्या शनिवारी निम्मीच मंडळी आली. गच्चीच्या दुरुस्तीचा ठराव तेवढ्यांच्याच संमतीनं झाला. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे काका दारात उभे राहिले. टपाल खात्यात उभी हयात गेलेला, पत्रातलं अक्षरन्‌अक्षर वाचणारा माणूस. सभेसाठी त्यांनी हिशेबाचे प्रश्न वहीत उतरवून ठेवले होते.

"सभा रद्द झाली असं तुम्हीच लिहिलंत ना?" ते म्हणाले. "कॉल्ड ऑफ म्हणजे रद्द. सभाच नाही म्हटल्यावर खालची तारीख कोण वाचतो? पुढे ढकलली म्हणायचं होतं, तर पुट ऑफ लिहायचं."

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. दोन्हीकडे 'ऑफ' आहे, दोन्हीत शनिवारी सभा होत नाही, आणि तरी एका क्रियापदानं सभा संपते आणि दुसऱ्यानं ती फक्त पुढे जाते. मी तोवर बरीच वर्षं इंग्रजी शिकवत होतो. काकांची वही बंदच राहिली याची रुखरुख मला पुष्कळ दिवस पुरली, आणि या पुस्तकाची पहिली टिपणं मी त्याच आठवड्यात काढली.

इंग्रजीतल्या या जोडक्रियापदांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात. पुट, गेट, टेक, लुक, सेट अशी चार दिवसांत पाठ होणारी साधी क्रियापदं आणि त्यांच्या शेपटाला ऑफ, अप, आऊट, इन, ओव्हर असला एखादा चिमुकला शब्द. दोन्ही शब्द ओळखीचे, पण जोडी जमली की अर्थ तिसराच. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली आपला इंग्रजी कोश काढला तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत या जोड्यांचा मुद्दाम उल्लेख केला. परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जास्त अडचण इथेच येते, हे त्यानं तेव्हाच ओळखलं होतं. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र बरंच अलीकडचं. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी ते १९२५ मध्ये आपल्या पुस्तकात वापरलं, आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचंही तिथे नोंदवलं.

आपल्याकडे हा विषय शिकवण्याची एकच रीत रूढ आहे. यादी द्यायची: डावीकडे जोडी, उजवीकडे मराठी अर्थ, आणि शुक्रवारी चाचणी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या त्यांना निदान वाक्यं तरी भाषांतरित करावी लागत. नंतरच्या गाइडांत वाक्यं गेली आणि याद्या उरल्या. यादीमुळे अर्थ कळतो, पण वाक्य लिहिता येत नाही. 'पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे' हे तोंडपाठ असलेली मुलं मी पाहिली आहेत. तीच मुलं परीक्षेत 'ही पुटेड ऑफ इट' लिहितात, म्हणजे चार शब्दांत दोन चुका. पुटचा भूतकाळ पुटच राहतो, आणि 'इट' ऑफच्या आधी यायला हवं. अर्थ बरोबर येऊनही वाक्य पडतं, कारण अशा क्रियापदाचा निम्मा जीव त्या छोट्या शब्दाच्या जागेत असतो आणि यादीत जागा दाखवता येत नाही.

मग शिकवायचं कसं? माझं ठाम मत आहे की मराठी माणसानं हे मराठीतून शिकावं. भाषांतर करून नव्हे, तर आपल्या भाषेत हेच यंत्र कसं चालतं ते पाहून. ते आपल्याकडे आहे, रोज वापरात आहे, आणि आपण त्याला कधी अवघड म्हटलेलं नाही.

'मागे' हा शब्द घ्या. अर्ज मागे घेतला. अभ्यासात मागे पडला. पहिल्या धावपटूला मागे टाकलं. ऐन वेळी मागे सरला. माझ्या मागे लागला. घेणे, पडणे, टाकणे, सरणे, लागणे ही पाच साधी क्रियापदं, तोच एक 'मागे', आणि पाच वेगळे अर्थ. अर्ज मागे घेताना कुणी पाठीमागे हात नेत नाही. 'मागे घेणे' ही मराठीतली फ्रेजल व्हर्बच आहे. 'पुढे येणे', 'हाती घेणे', 'अंगावर येणे', 'वर काढणे' हीसुद्धा तशीच. आणि 'पुढे ढकलणे' तर 'पुट ऑफ'चं सख्खं भावंड. इंग्रज माणूस काम आपल्यापासून दूर ठेवतो, आपण ते पुढे ढकलतो. हेच सांगायला इंग्रजीत आलेला 'पोस्टपोन' हा शब्द लॅटिनमधला. त्याचे तुकडे केले तर 'नंतर' आणि 'ठेवणे' एवढंच हाती येतं. तीन भाषांनी एकच चित्र काढलं. लॅटिननं ते एका शब्दात शिवून टाकलं, इंग्रजीनं आणि मराठीनं दोन शब्द सुटे ठेवले.

हे सुटं ठेवणं आपल्याला नवीन नाही, आणि इथे मला थोडं संस्कृतकडे वळावंसं वाटतं. एका 'हृ' धातूला उपसर्ग लागून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार कसे होतात, हे शाळेत संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. क्रियापद तेच, आधीचा चिमुकला शब्द बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. पण शाळेत सहसा न सांगितली जाणारी गोष्ट पुढेच आहे. हे उपसर्ग धातूच्या आधी येतात असा नियम पाणिनीनं सांगितला, आणि लगेच पुढच्या दोन सूत्रांत जोडलं की वेदांत ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्द घालून धातूपासून वेगळेही पडतात. पुट, मध्ये द मीटिंग, आणि मग ऑफ, ही रचना पाणिनीला दाखवली असती तर तो दचकला नसता. त्याच्याकडे तिच्यासाठी सूत्र तयार होतं.

इंग्रजीचा प्रवास मात्र उलट दिशेनं झाला. जुन्या इंग्रजीत हे छोटे शब्द बहुधा क्रियापदाच्या पुढ्यात चिकटलेले असत. अंडरस्टँड, ओव्हरकम, विथस्टँड हे त्या काळचे अवशेष आजही वापरात आहेत. पुढे हळूहळू हे शब्द सुटून क्रियापदाच्या मागे गेले. इंग्लंडात येऊन वसलेल्या नॉर्स भाषकांच्या सहवासानं त्या वळणाला जोर मिळाला असं अनेक अभ्यासक मानतात. १०६६ नंतर नॉर्मन राजवटीबरोबर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला आणि दरबार, कचेरी, धर्मपीठ यांची भाषा त्या शब्दांनी भरली. शेतात आणि स्वयंपाकघरात पुट, गेट, टेक चालूच राहिले. काही ठिकाणी जुनी आणि नवी, दोन्ही रूपं टिकली आणि त्यांचे अर्थ फाटले. न्यायालय खालच्या कोर्टाचा निकाल 'अपहोल्ड' करतं, म्हणजे कायम ठेवतं. घाटात कोसळलेली दरड गाड्या 'होल्ड अप' करते, म्हणजे अडवून धरते. एसटी ट्रकला 'ओव्हरटेक' करते, पण एक कंपनी दुसरीला 'टेक ओव्हर' करते. तुकडे तेच आहेत, फक्त क्रम फिरला.

आता जागेचा प्रश्न. तो सुटला की निम्मं काम झालं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

'द सेक्रेटरी पुट ऑफ द मीटिंग' आणि 'द सेक्रेटरी पुट द मीटिंग ऑफ' ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. सभेच्या जागी सर्वनाम आलं की मात्र एकच वाट उरते: 'पुट इट ऑफ'. उलट 'लुक आफ्टर' घ्या. 'शी लुक्स आफ्टर हिम' बरोबर, 'शी लुक्स हिम आफ्टर' चूक. दिसायला दोन्ही जोड्या सारख्या असूनही एक फाकते आणि दुसरी फाकत नाही. इंग्रजी पुस्तकं इथे 'सेपरेबल' आणि 'इनसेपरेबल' अशा दोन याद्या देतात, आणि मूल पुन्हा यादीकडे येतं.

मराठी व्याकरणात याचं उत्तर आठवीच्या पुस्तकापासून आहे. आपण अव्ययांत शब्दयोगी आणि क्रियाविशेषण असा भेद करतो. 'तो माझ्या मागे लागला' यातलं 'मागे' शब्दयोगी आहे. ते 'मी'ला धरून बसलं आहे आणि त्याला सामान्यरूप घ्यायला लावतं, म्हणून 'माझ्या'. 'त्यानं अर्ज मागे घेतला' यातलं 'मागे' क्रियाविशेषण आहे. त्याचं नातं घेण्याशी आहे, म्हणून 'अर्ज' हा शब्द तसाच राहिला. तो 'अर्जाच्या' झाला नाही. शब्द एकच, पण एकदा तो नामाचा आणि एकदा क्रियापदाचा. इंग्रजीत नेमका हाच फरक आहे. फक्त तिथे सामान्यरूप नसल्यानं तो डोळ्यांना दिसत नाही. 'लुक आफ्टर हिम' मधलं 'आफ्टर' हे 'हिम'चं शब्दयोगी आहे, आणि शब्दयोगीला आपल्या नामापासून तोडून पलीकडे नेता येत नाही. 'पुट ऑफ' मधलं 'ऑफ' क्रियापदाचं आहे, म्हणून सभा त्याच्या अलीकडे बसते आणि पलीकडेही.

वर्गात मी यासाठी दोन वाक्यं फळ्यावर लिहितो. 'ही रॅन अप अ बिल', म्हणजे त्यानं उधारी चढवून ठेवली. 'ही रॅन अप अ हिल', म्हणजे तो धावत टेकडी चढला. अक्षर एकच बदललं आहे. आता बिल आणि हिल काढून दोन्हीकडे 'इट' घालायला सांगतो. बिलाचं होतं 'रॅन इट अप', टेकडीचं होतं 'रॅन अप इट'. एकदा एका मुलीनं फळ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "सर, टेकडीला सामान्यरूप आहे आणि बिलाला नाही." व्याकरण शिकवताना असे क्षण फार थोडे वाट्याला येतात.

वाक्य लांबलं की आणखी एक भान ठेवावं लागतं. सभा जर 'गच्चीच्या दुरुस्तीसाठी शनिवारी सायंकाळी बोलावलेली सभा' असेल, तर पुट आणि ऑफ यांच्या मध्ये एवढी वरात घालू नये. वाचणारा 'पुट' वाचून पुढे निघतो आणि 'ऑफ' येईपर्यंत आपण काय ठेवलं होतं हे विसरतो. लांब कर्म ऑफच्या नंतर घ्यावं. इंग्रजी वाक्यात माहीत असलेली हलकी गोष्ट आधी येते आणि नवी, जड गोष्ट शेवटाकडे जाते. 'इट' ऑफच्या आधी बसतं तेही याच ओढीनं. इंग्रजीचा कान तयार होतो तो हे जाणवायला लागल्यावर.

दुसरी मोठी चूक क्रियापदानंतर दुसरं क्रियापद आलं की होते. 'डॉक्टरकडे जाणं त्यानं पुढे ढकललं' याचं इंग्रजी करताना 'ही पुट ऑफ टू गो टू द डॉक्टर' असं सर्रास लिहिलं जातं. हवं ते 'पुट ऑफ गोइंग'. इथे पुन्हा मराठीवर भरवसा ठेवावा. 'जायला पुढे ढकललं' असं आपण कधी म्हणत नाही, 'जाणं' असंच म्हणतो, म्हणजे क्रियापदाचं नाम करून. इंग्रजीतलं 'गोइंग' हे तेच नाम आहे. पण मराठी नेहमीच हात धरते असं नाही, आणि ते लपवून ठेवणं बरोबर होणार नाही. 'तुम्हाला भेटायला उत्सुक आहे' हे डोक्यात घोळत असलं की लेखणीतून 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' उतरतं. नोकरीच्या अर्जांतल्या शेवटच्या ओळीत ही चूक मी किती वेळा दुरुस्त केली असेल! तिथे 'टू मीटिंग यू' हवं, कारण ते 'टू' शब्दयोगी आहे आणि त्याला समोर नाम लागतं. मनात 'भेटायला' ऐवजी 'भेटीची वाट पाहतो' हे वाक्य धरलं तर हात आपोआप बरोबर वळतो, कारण भेट हे नामच आहे.

एका जोडीचे अर्थही एकावर थांबत नाहीत. 'हिज टोन पुट मी ऑफ' यात काहीच पुढे ढकललेलं नाही. त्याच्या बोलण्याच्या सुरानं माझं मन उडालं, असा त्याचा अर्थ. 'पुट ऑफ द लाइट' आपल्याकडे घरोघर चालतं, पण आज ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत वाचल्या जाणाऱ्या मजकुरात 'टर्न ऑफ' वा 'स्विच ऑफ' लिहावं, आणि आग विझवायची असेल तर 'पुट आऊट'. इथे घाबरून जायचं कारण नाही. दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या संग्रहाचा अभ्यास करून डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ मध्ये दाखवलं की त्यात आलेल्या एकूण फ्रेजल व्हर्ब्जपैकी निम्म्याहून थोडा अधिक वापर फक्त १०० जोड्यांचा आहे. त्या शंभरांतल्या प्रत्येकीला सरासरी पाचांहून अधिक अर्थ आहेत, हेही त्यांनीच दाखवलं. म्हणजे हजार जोड्यांचा एकेक अर्थ घोकण्यापेक्षा शंभर जोड्यांशी घरोबा करणं शहाणपणाचं. या पुस्तकात त्याहूनही कमी घेतल्या आहेत.

लेखनात या क्रियापदांना जागा द्यावी का, असा प्रश्न शिक्षकच विचारतात. औपचारिक इंग्रजीत ती नकोत, तिथे लॅटिन-फ्रेंच वळणाचेच शब्द हवेत, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. ती मला मान्य नाही. मराठीतही 'प्रारंभ करणे' आणि 'सुरू करणे' दोन्ही आहेत, म्हणून काही आपण अर्जात 'सुरू' लिहायला बिचकत नाही. प्रश्न छटेचा आहे. 'पोस्टपोन' कोरडं आहे. ते तारीख बदलल्याचं सांगतं आणि थांबतं. 'पुट ऑफ' मध्ये बहुतेक वेळा मनाची नाखुशीही उतरते. आपल्याकडे 'पुढे ढकलणे', 'लांबणीवर टाकणे' आणि 'चालढकल करणे' यांत जसं अंतर आहे, तसंच हे. म्हणून आज मला तीच नोटीस लिहायची असती तर मी 'पोस्टपोन्ड' लिहिलं असतं. काकांनी सुचवलेलं 'पुट ऑफ' चूक नव्हतं, पण समिती हिशेब टाळते आहे असा वास त्याला कदाचित आला असता. मुलगा दाताच्या डॉक्टरकडे जात नाही, हे बहिणीला लिहायचं असेल तर मात्र 'पोस्टपोन' लाकडी वाटेल. तिथे 'ही कीप्स पुटिंग इट ऑफ' असंच लिहावं.

भारतीय इंग्रजीनं स्वतःच्या काही जोड्या घडवल्या आहेत, आणि त्यांच्याकडे मी आदरानं पाहतो. 'मी २०१० ला पास आऊट झालो' हे मराठीत इतकं मुरलं आहे की ते इंग्रजी आहे हेही जाणवत नाही. त्याचं मूळ लष्करी शिक्षणात आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दर सत्राच्या शेवटी पासिंग आऊट परेड होते, आणि तिथे तो शब्द अगदी त्याच्या घरी असतो. पण अमेरिकेतल्या विद्यापीठाला पाठवलेल्या अर्जात 'आय पास्ड आऊट इन २०१०' असं गेलं, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बेशुद्ध पडलेला माणूस येतो. तिथे 'ग्रॅज्युएटेड' लिहावं. 'कोप अप विथ' मधला 'अप' मात्र कुठेच लागत नाही, 'कोप विथ' पुरे. तसंच 'लॉगिन', 'बॅकअप', 'सेटअप' ही नामं जोडून लिहावीत आणि क्रियापद असेल तेव्हा दोन शब्द सुटे लिहावेत. हे फारसं अवघड नाही. एकदा डोळ्याला सवय लागली की पुरतं.

पुस्तकाची मांडणी या सगळ्यातूनच ठरली. मुळाक्षरांप्रमाणे यादी नाही. प्रत्येक प्रकरणात एकच क्रियापद आहे, त्याच्या मोजक्या जोड्या आहेत, आणि प्रत्येक जोडी नोटीस, अर्ज, घरचं पत्र, कामाची ईमेल अशा खऱ्या लेखनात बसवून दाखवली आहे. प्रत्येक वाक्यापाशी छोटा शब्द कुणाचा आहे, नामाचा की क्रियापदाचा, हे मराठी व्याकरणाच्या भाषेत सांगितलं आहे. वाक्यं हातानं लिहून काढावीत अशी माझी विनंती आहे. नुसतं वाचून जागा लक्षात राहत नाहीत, लिहिताना मात्र हाताला त्या कळतात.

पहिलं प्रकरण 'पुट'चं आहे. छापायला देण्याआधी त्याची प्रत मी तळमजल्यावर नेऊन दिली. काकांनी ती चार दिवस ठेवून घेतली आणि समासात पेन्सिलीनं सात खुणा करून परत दिली. त्यांतल्या सहा दुरुस्त्या मी केल्या आहेत. सातवीवर आमचं अजून एकमत झालेलं नाही. 'पुट ऑफ टिल' चांगलं की 'पुट ऑफ अंटिल', असा तो वाद आहे. दोन्ही बरोबर आहेत, पण काकांचा आग्रह 'अंटिल'चा आहे. म्हणून त्या प्रकरणातल्या नमुन्याच्या नोटिशीत सभा पुढच्या शनिवारपर्यंत पुढे जाते ती 'अंटिल'नंच.